किर्गिझस्तान, एकट्याने, मोटरसायकलवर: जावं का?

डोंगरफिरस्ता
सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, सल्ला हवाय. ऑगस्टच्या शेवटी तीन आठवड्यांची सुट्टी मंजूर झालीये आणि डोक्यात किर्गिझस्तान बसलंय. एकट्याने, मोटरसायकलवर. लडाख, स्पिती, तवांग हे सगळं झालंय, पण तिथे कायम कुणीतरी सोबत होतं आणि वेळ पडली तर हिंदीत भांडता येत होतं.

ढोबळ मार्ग असा: बिश्केकहून दक्षिणेला निघायचं. त्यो-आशूचा बोगदा, सुसामिरचं पठार, तोक्तोगुलचा जलाशय, मग ओश. ओशहून सारी-ताशपर्यंत जाऊन लेनिन शिखर (७,१३४ मीटर) लांबून बघायचं आणि मागे फिरायचं. नंतर कझारमनमार्गे नारीन, ताश-रबातची जुनी दगडी सराय, सोंग-कोल तळं आणि शेवटी इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठाने फिरून बिश्केक. ताजिकिस्तानातलं पामीर यावेळी नको. परवाने आणि सीमेच्या भानगडी वाढतात.

विचारायचंय ते एवढंच: आपली गाडी न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? (घरी रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५० आहे.) मी शाकाहारी आहे, त्याचं काय? आणि मुख्य म्हणजे, एकट्याने जाणं शहाणपणाचं आहे का? बायको "जा की" म्हणाली. पण ती ज्या सुरात म्हणाली त्या सुराचा अर्थ अजून लागलेला नाही.

खडूसकाका
सोमवार, रात्री १०:५०

सुराचा अर्थ मी सांगतो. नका जाऊ.

मिसळसम्राट
सोमवार, रात्री १०:५८

शाकाहारी आणि किर्गिझस्तान. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तुम्हीही सोबत घ्या, तिकडे तेवढंच मिळेल.

रानवारा
सोमवार, रात्री ११:३५

तिथे गाडी चालवून आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निघताना सगळे विचारतात ते चोऱ्यामाऱ्यांचं, पोलिसांचं आणि भाषेचं. यातल्या कशानेच माझं अडलं नाही. पोलीस हात दाखवतात, कागद बघतात, "इंदिया?" विचारतात. साहेब पन्नाशीच्या पुढचे असतील तर राज कपूर नाहीतर मिथुन यांचं नाव घेतात आणि सोडून देतात. खरा प्रश्न सुरू होतो गाडी आडवी झाल्यावर.

सोंग-कोलवरून उतरताना एका ओढ्यात माझं पुढचं चाक गोट्यावरून सरकलं. पाणी घोट्याएवढं, वेग पायी चालणाऱ्याचा, मला खरचटलंसुद्धा नाही. पण गाडी पडली ती उताराच्या बाजूला, हँडल खाली आणि चाकं वर. दोन्ही बाजूंच्या बॅगा भरलेल्या. चारजण असतो तर आधी फोटो काढून मग उचलली असती. एकट्याला मात्र तो अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होतो. सामान सोडवून काठावर नेऊन ठेवलं, गाडी फिरवून बघितली, हलेना. बऱ्याच वेळाने मेंढरं घेऊन दहा-बारा वर्षांचा एक पोरगा घोड्यावरून आला. एक शब्द न बोलता त्याने खोगिराची दोरी गाडीच्या फोर्कला बांधली, घोडा दोन पावलं मागे घेतला आणि मी खालून रेटा दिला. गाडी उभी. मी पैसे पुढे केले तर घेतले नाहीत, हेल्मेट मात्र मागून घेऊन घालून बघितलं.

तेव्हा शहाणपणाचं की नाही, हे माझ्या मते तुमच्या धाडसावर ठरत नाही, गाडीच्या वजनावर ठरतं. सामानासकट पडलेली गाडी एकट्याने उचलता येते ना? मग खुशाल जा. नसेल येत तर डांबरी सोडू नका. डांबरीवरून दिसणारा देशही काही कमी नाही.

मार्गाबद्दल: त्यो-आशूचा बोगदा ३,००० मीटरच्या वर आहे, लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास. जुना सोव्हिएत बोगदा, आत धूर कोंडतो. ट्रकच्या मागे अडकून आत शिरू नका, बाहेर थांबा, ट्रक जाऊ द्या. पलीकडे बाहेर पडलं की सुसामिरचं पठार एकदम अंगावर येतं. रस्त्याकडेला यर्त (मेंढपाळांचे गोल तंबू) आणि घोडीच्या दुधाचा कुमिस विकणाऱ्या बायका. बिश्केक ते ओश पूर्ण डांबरी आहे. पेट्रोल पंपांची ददात नाही.

मिसळसम्राट
सोमवार, रात्री ११:४१

कुमिस कसा लागतो ते लिहिल्याशिवाय हा प्रतिसाद अपूर्ण समजण्यात येईल.

रानवारा
सोमवार, रात्री ११:४९

आंबट ताक, त्याला धुराचा वास, आणि शेवटी जिभेवर बारीकशी चुणचुण. आंबवलेलं असतं, थोडं मद्य असतं त्यात. म्हणून गाडी चालवायची असेल तर वाटीभर चाखा आणि बाकीचं यजमानांना द्या. पोटाला सवय नसेल तर पुढचा अर्धा दिवस रस्त्याकडे कमी आणि रस्त्याच्या कडेकडे जास्त लक्ष जातं.

स्क्रूड्रायव्हर
मंगळवार, सकाळी ७:१५

रानवारांशी सहमत, फक्त आकडे द्यायचे राहिले. क्लासिक ३५० साधारण १९५ किलो. हिमालयन ४५० पण १९६. मोठ्या बीएमडब्ल्यू जीएस अडीचशेच्या घरात. त्यावर तुमचं वीस-पंचवीस किलोचं सामान. तिकडे भाड्याने सुझुकीची डीआर ६५० मिळते, पेट्रोल धरून १६६ किलो. होंडाची सीआरएफ ३०० मिळाली तर ती १४२. सीसीकडे बघून भुलू नका. एकट्या माणसाला १४२ आणि १९६ यांतला फरक ओढ्यात कळतो.

डीआर जुन्या घडणीची गाडी आहे. हवेवर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर, रेडिएटर नाही, त्यामुळे पडली तरी फुटायला फार काही नाही. ३,००० मीटरच्या वर कार्ब्युरेटर घुसमटतो, गाडी आळशी होते. घाबरू नका, खाली आल्यावर सुधारते. ट्यूबवाले टायर असतात, म्हणून दोन टायर लिव्हर, पुढची-मागची एकेक ट्यूब, पॅच, हातपंप. पंक्चर स्वतः काढता येत नसेल तर निघण्याआधी गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे एक दुपार बसा. पैसे तोच घेईल, ज्ञान तुम्ही घ्या.

उचलायची युक्ती: गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, नाहीतर उभी करून पलीकडे पाडाल. गिअरमध्ये टाका. हँडल पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून बसा, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरियरला, आणि पाठीने नाही, मांड्यांनी मागे रेटत उठा. घरासमोर जुन्या गादीवर गाडी आडवी करून सराव करा. शेजारी हसतील, हसू द्या.

चिंतामणी_पेठकर
मंगळवार, सकाळी ९:०५

भाड्याच्या गाडीवरचा प्रवास म्हणजे भाड्याच्या शेरवानीतलं लग्न. खरा प्रवास आपल्या गाडीवर, आपल्या एमएच पाटीवर. नाहीतर विमानाने जाऊन गाडीत बसणारे पर्यटक आणि तुम्ही यांत फरक काय राहिला?

खडूसकाका
मंगळवार, सकाळी ९:१२

लग्न लागतं ना त्यात पण?

कागदीघोडे
मंगळवार, सकाळी ११:३०

पेठकर साहेब, भावना पोचली. नकाशा उघडून बघूया.

महाराष्ट्राच्या पाटीची गाडी रस्त्याने किर्गिझस्तानात न्यायची तर पाकिस्तानातून जायचं किंवा चीनमधून. पहिला मार्ग बंद. दुसऱ्यासाठी नेपाळ, तिबेट, शिनजियांग असा वळसा घेऊन जातात आपले इथून लंडनपर्यंत गाडी नेणारे रायडर. चीनमध्ये परदेशी गाडीला तात्पुरती पाटी, तात्पुरता परवाना आणि पूर्णवेळ सरकारमान्य गाइड लागतो. म्हणजे तुमच्या 'एकट्याने'चं तिथेच विसर्जन. खर्च वाटून घ्यायला मग दहा-बारा जणांचा ताफा करावा लागतो. शिवाय २०२५ च्या जुलैत पुराने नेपाळच्या रसुवागढीचा सीमेवरचा पूलच वाहून गेला, तेव्हा त्या वाटेवर विसंबून सुट्टी टाकणाऱ्यांचं काय झालं असेल विचार करा.

विमानाने किंवा जहाजाने गाडी पाठवता येते. कार्नेसाठी (गाडी परदेशात तात्पुरती नेण्याचा कस्टम्सचा कागद) मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे. त्यांच्याकडे गाडीच्या किमतीनुसार हमीची रक्कम ठेवावी लागते. गंमत म्हणजे किर्गिझस्तानला कार्ने लागतच नाही. तो देश २०१५ पासून युरेशियन आर्थिक संघात आहे, सीमेवर तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात. पण तीन आठवड्यांसाठी जाणं-येणं असा दुहेरी मालवाहतुकीचा खर्च म्हणजे तिथे जुनी गाडी विकत घेण्याएवढा.

डोंगरफिरस्ता, तुमच्यासाठी कागद असे. ई-व्हिसा. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, परिवहनच्या साइटवर अर्ज, फी १,००० रुपये, वर्षभर चालतं. त्यात मोटरसायकलच्या रकान्यावर शिक्का आहे की नाही ते काउंटर सोडण्याआधी बघा. अनेकांच्या परमिटवर फक्त कारचा मारलेला असतो. प्रवास विमा घेताना 'दुचाकी चालवताना झालेला अपघात' याला संरक्षण आहे का, किती सीसीपर्यंत, किती उंचीपर्यंत, हे ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचा माणूस सगळ्याला हो म्हणतो. आणि वैध परवाना नसेल तर विम्याचा कागद फक्त कागद असतो.

अनघा_नाशिक
मंगळवार, दुपारी २:२०

पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा ओशला वैद्यकीय शिक्षण घेतो. आपल्याकडची बरीच मुलं आहेत तिथे आणि बिश्केकला. २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला तेव्हा आमच्या घरात दोन रात्री कुणी झोपलं नव्हतं. आपल्या दूतावासाने मुलांना बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही सगळे गाडीचं वजन मोजताय, पण माणसं अशी एकदम उलटली तर एकटा माणूस काय करणार? उगाच घाबरवायचं म्हणून नाही, पण हेही लिहिलेलं असावं.

डोंगरफिरस्ता
मंगळवार, दुपारी ३:०२

अनघाताई, लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या आईने हेच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमचा मुलगा आता काय म्हणतो? तो शहराबाहेर फिरतो का?

अनघा_नाशिक
मंगळवार, सायंकाळी ६:४५

विचारलं. म्हणाला, "आई, गावाकडे कुणाला त्या भांडणाशी देणंघेणं नाही, रात्री शहरात दारूच्या अड्ड्यांजवळ जायचं नाही एवढंच." सुट्टीत मित्रांबरोबर सुलेमान-तू डोंगरावर जातात. ओश शहराच्या मधोमधच आहे, वारसा यादीतला. वर बाबराची खोली दाखवतात. हो, तोच बाबर, पानिपतवाला. तरुणपणी तिथे राहायचा म्हणे. मुलाने मला एवढा इतिहास सांगितला याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

सायली_दोनचाकी
मंगळवार, रात्री ९:१०

मी गेले होते तिथे, एकटीच. भाड्याच्या गाडीवर, पेठकर काकांची क्षमा मागून.

अनघाताईंची काळजी रास्त आहे, पण ती शहराची काळजी आहे. डोंगरात अनुभव वेगळा येतो. एकटं असलं की लोक घरात बोलावतात. कोचकोरच्या बाहेर पावसात एका घराच्या आडोशाला थांबले होते. आतून आजी आल्या, हात धरून चुलीपाशी नेऊन बसवलं. त्याच गावात नंतर परदेशी रायडरांचा सहाजणांचा गट भेटला. त्यांच्यासाठी गेस्टहाउसमध्ये वेगळं टेबल लागलं होतं आणि ते आपापसातच बोलत होते. गटाला सोय मिळते, एकट्या माणसाला पाहुणचार. मला दुसरं हवं होतं.

चहाचं सांगते. कपात अर्धाच चहा ओततात. मला पहिल्यांदा वाटलं, झालं, आता निघा म्हणताहेत. उलट असतं. पुन्हा पुन्हा ओतता यावा, पाहुणा बसून राहावा म्हणून कमी ओततात. कप काठोकाठ भरून आला तर समजावं, आपली वेळ झाली.

मिसळसम्राट
मंगळवार, रात्री ९:१४

अर्धा कप! आमच्या पुण्यात या पद्धतीने सगळेच सन्माननीय पाहुणे ठरतील.

चिंतामणी_पेठकर
मंगळवार, रात्री ९:२२

आम्ही पूर्ण कप देतो. फक्त विचारायची पद्धत अशी आहे की लोक नको म्हणतात.

सायली_दोनचाकी
मंगळवार, रात्री ९:४०

:-) राहण्याचं: सीबीटी म्हणून गावोगावच्या कुटुंबांचं जाळं आहे, २००० च्या सुमारास सुरू झालेलं. कोचकोर, नारीन, ओश अशा ठिकाणी त्यांची कार्यालयं आहेत. ते घर किंवा यर्त ठरवून देतात. माझा नियम असा होता की सकाळी निघताना आजच्या घरच्या बाईला पुढच्या गावाचं नाव सांगायचं, आणि तिला पुढच्या घरी फोन करायला लावायचं. ती रशियन-किर्गिझमध्ये काय सांगायची मला कळायचं नाही, पण संध्याकाळी पुढच्या घरची बाई दारात वाट बघत उभी असायची. घरी व्हॉट्सॲप करण्यापेक्षा हे उपयोगी. मी पोचले नसते तर पुण्यातलं कुणी मला शोधायला येणार नव्हतं, त्या बाईचा भाऊ आला असता.

डॉ_पानवलकर
मंगळवार, रात्री ११:०५

सायली यांच्या मुद्द्याची दुसरी बाजू. एकट्याला पाहुणचार मिळतो खरा, पण एकट्याचा निर्णय तपासायला कुणी नसतं. उंचीवर आणि थकव्यात डोकं हळू चालतं, आणि ते हळू चालतंय हे त्याच डोक्याला कळत नाही. सोबतचा माणूस "अरे, तू बडबडतोयस, थांब" म्हणतो. तो नसेल तर नियम आधीच कागदावर लिहून टाकीवर चिकटवावेत आणि तिथे गेल्यावर त्यांच्याशी वाद घालू नये.

तुमच्या मार्गात मला दोन गोष्टी खटकल्या. बिश्केक ८०० मीटरला आहे, ओश हजाराच्या जरा खाली, आणि तिथून तुम्ही एकदम सारी-ताशला, म्हणजे ३,१७० मीटरला, झोपणार? मध्ये ताल्दिक खिंड आहे, ३,६१५ मीटर. गुल्चाला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी वर जाऊन शिखर बघा आणि खाली येऊन झोपा. रस्ता डांबरी आहे, जमतं. तसंच सोंग-कोल (३,०१६ मीटर) आणि ताश-रबात यांच्या आधी नारीनला एक रात्र हवीच, ते २,००० च्या आसपास आहे. लडाखला झालंय म्हणून यावेळी होणार नाही असं काही नसतं.

बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी ओलांडा. दुपारी वितळलेलं पाणी उतरतं आणि सकाळी गुडघ्याखाली असलेला प्रवाह संध्याकाळी मांडीला लागतो. चारनंतर कच्च्या रस्त्याला हात घालू नका.

अवांतर: सपाटीच्या माणसांना त्या देशाची उंची लवकर उमगत नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. इसिक-कुलचं पाणीच १,६०७ मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहिल्यावर जेमतेम छातीखाली समुद्र असावा, तर तो हा. जवळपास १८० किलोमीटर लांब, आणि थंडीत गोठत नाही.

खडूसकाका
मंगळवार, रात्री ११:२०

चाळीस मीटर खाली म्हणजे छातीखाली? डॉक्टरांची उंची किती?

डॉ_पानवलकर
मंगळवार, रात्री ११:२६

मान्य. कळसूबाईच्या शेवटच्या शिडीच्या खाली कुठेतरी. झोपा आता.

गॅजेटगुरुजी
बुधवार, सकाळी ८:३०

एवढं वजन उचलण्यापेक्षा सॅटेलाइट मेसेंजर घेऊन जा ना. गार्मिनचा मिळतो. बटण दाबलं की जगात कुठूनही मदत मागता येते. विषय संपला.

कागदीघोडे
बुधवार, सकाळी ८:५५

विषय तिथेच सुरू होतो गुरुजी. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि अशी मेसेज पाठवणारी यंत्रं बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला यावरूनच अडकवलं होतं. इथून नेऊ नका, इथे आणूही नका. हवंच असेल तर बिश्केकमध्ये भाड्याने मिळतंय का विचारा आणि परतताना तिथेच देऊन या.

आणि बटण दाबल्यावर कोण येणार तेही बघा. हेलिकॉप्टर येईल असं गृहीत धरायचं नाही. तिथले क्रमांक लिहून ठेवा: पोलीस १०२, रुग्णवाहिका १०३, आपत्कालीन ११२.

बिश्केकचा_लातूरकर
बुधवार, दुपारी १:१५

नमस्कार. मी बिश्केकला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे, मूळचा लातूरचा. कुणीतरी हा धागा आमच्या ग्रुपवर टाकला. थोडी ताजी माहिती देतो.

दिल्लीहून थेट विमान आहे. अलमाटीला उतरूनही येता येतं, तिथून रस्त्याने २४० किलोमीटरच्या आसपास. कझाकस्तानला आपल्याला १४ दिवस व्हिसा लागत नाही. पैशांचं सोपं आहे. एक सोम म्हणजे सध्या जवळजवळ एक रुपया, डोक्यात गुणाकार करायची गरज नाही. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. गाड्या उजवीकडून चालतात. पण इथे जपानहून आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्याही खूप आहेत. असा ड्रायव्हर ओव्हरटेक करताना समोरचं बघायला अख्खी गाडी बाहेर काढतो. बिश्केक-ओश रस्त्यावर सगळ्यात जास्त जपायचं ते याला.

शहरात आणि महामार्गावर कॅमेरे आहेत. गावात ६०, बाहेर ९०. गाव संपल्याची पाटी दिसेपर्यंत ६० सोडू नका.

शाकाहारी काका: बिश्केक आणि ओशला आम्हा पोरांसाठी इंडियन मेस आहेत, भात-वरण-भाजी मिळते. बाहेर 'बेज म्यासा' म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करा. पण ते म्हटल्यावर कधीकधी कोंबडी येते, कारण तिला कुणी मांस धरत नाही. सुरक्षित गोष्टी: तंदुरी पाव, कायमाक (साय), जर्दाळूचं जॅम, टोमॅटो-काकडी, अंडी, भोपळ्याचा सामसा (भट्टीत भाजलेला समोसा). पाव टेबलावर कधी पालथा ठेवायचा नाही, घरच्यांना ते फार लागतं.

मिसळसम्राट
बुधवार, दुपारी १:३०

कोंबडी भाजीत धरतात! मी व्हिसाचा अर्ज भरतोय.

डोंगरफिरस्ता
बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गादी टाकून बुलेट आडवी केली. रिकामी उचलली. दोन्ही बॅगांत विटा भरून केली, तेव्हा वॉचमनदादांना बोलवावं लागलं. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला: भाड्याची, आणि हलकी. भाड्याचे दर साठ-सत्तर डॉलर रोज आणि पुढे सांगताहेत, अनामत वेगळी. घेताना गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढीन.

मार्गही बदलतोय. कझारमनचा कच्चा रस्ता एकट्याने करावा का, यावर अजून अडकलोय. सायली, रानवारा, तुम्ही केला होता?

सायली_दोनचाकी
बुधवार, रात्री १०:४८

नाही, मी बिश्केक, कोचकोर, सोंग-कोल, नारीन, इसिक-कुल एवढंच केलं. सोंग-कोलला कोचकोरच्या बाजूने काल्माक-आशूवरून (३,४४७ मीटर) चढले. दक्षिणेकडून '३३ पोपट' नावाचा घाट आहे, नुसत्या नागमोडी वळणांचा. त्याने उतरले. कोचकोरला टाकी भरून घ्या, वर पंप नाही.

आणि तारखांचं बघा. सप्टेंबरच्या मध्यानंतर वरचे यर्त काढून लोक खाली उतरू लागतात. कधीही बर्फ पडू शकतो. म्हणून सोंग-कोल शेवटी न ठेवता आधी करा, ओश नंतर. उलटा फेरा.

रानवारा
बुधवार, रात्री ११:१०

उलटा फेरा हा मुद्दा पक्का आहे, माझंही मत तेच. उंचीच्या हिशेबानेही बरं पडतं: बिश्केक, मग इसिक-कुल (१,६०७), नारीन (२,०००), मग सोंग-कोल. डॉक्टरांची पायरी आपोआप पडते.

कझारमन मी केला, पण त्या रस्त्यावर एक जर्मन जोडपं भेटलं होतं आणि आम्ही तिघं मागेपुढे राहून गेलो. तुम्हीही तसंच करा. नारीनच्या गेस्टहाउसमध्ये त्या दिशेने जाणारं कुणी भेटलं तर जा, नाही तर कोचकोरवरून बिश्केककडे येऊन डांबरीने ओश गाठा. एक-दीड दिवस जास्त जाईल. सगळा प्रवास एकट्याने झाला पाहिजे अशी काही शपथ घेतलेली नाही ना कुणी?

चिंतामणी_पेठकर
बुधवार, रात्री ११:१८

मग 'एकट्याने' कसं म्हणायचं?

रानवारा
बुधवार, रात्री ११:२१

इन्स्टावर लिहिताना जर्मन जोडपं कापायचं.

डोंगरफिरस्ता
गुरुवार, सकाळी ७:०५

ठरलं. उलटा फेरा, कझारमन सोबत मिळाली तरच, ताश-रबात वेळ उरला तर. नियम टाकीवर चिकटवणार: चारनंतर कच्चा रस्ता नाही, ओढे सकाळी, पुढच्या घराला फोन. विमा कंपनीला ईमेल टाकलाय, उत्तराची वाट बघतोय. अनघाताई, ओशला तुमच्या मुलाला भेटून येईन, काही पाठवायचं असेल तर सांगा.

अनघा_नाशिक
गुरुवार, सकाळी ९:३०

नक्की. दोन किलो चिवडा आणि लसणाची चटणी. त्याला सांगू नका की मीच धागा वाचत बसले होते.

बिश्केकचा_लातूरकर
गुरुवार, सकाळी १०:१०

काका, बॅगेत जागा असेल तर आमच्यासाठी काळा मसाला आणा. पाव किलो पुरे. त्याबदल्यात विमानतळावर घ्यायला येतो आणि गाडी भाड्याने देणाऱ्याशी रशियनमध्ये घासाघीस करून देतो.

स्क्रूड्रायव्हर
गुरुवार, सकाळी १०:२५

मसाला न्या, चेन ल्यूबचा स्प्रे नेऊ नका. विमानात चालत नाही, चेक-इनमधूनही काढून घेतात. तिकडेच घ्या, नाहीतर गाडीवाल्याकडून बाटलीभर गिअर ऑइल मागून घ्या, रोज संध्याकाळी ब्रशने चेनला लावा. आणि ब्रेकचं लिव्हर एक जादाचं मागा. गाडी पडली की आधी तेच तुटतं.